निस्कावाऱ्याची टपालवाली आणि इंग्लिश गाडी

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या निस्कावाऱ्यात माणसाची परीक्षा त्याच्या गाडीच्या बॉनेटवर होते. कडक थंडीच्या सकाळी गावातल्या सगळ्या गाड्या पिठीसाखरेत लोळवल्यासारख्या पांढऱ्या झालेल्या असतात. पण ज्याने रात्री आठवणीने इंजिन तापवणाऱ्या हीटरची वायर अंगणातल्या विजेच्या खांबाला लावली, त्याच्या बॉनेटवर मधोमध हिम वितळून एक काळा ओला डाग पडलेला असतो. जाणारा-येणारा थांबतो, हातमोजा काढतो, त्या डागावर तळवा ठेवतो आणि चालू लागतो. बोलत कोणी नाही. बोलायची आमच्याकडे पद्धतच नाही. पण कोणाच्या गाडीवर डाग नव्हता, हे दुपारच्या आत दुकानात सगळ्यांना ठाऊक झालेलं असतं.

हिल्का नेवालाइनेनच्या गाडीवर डाग नाही असं कधी झालंच नव्हतं. ती गावची टपालवाली. बाई धिप्पाड, आवाज त्याहून मोठा, आणि हसली की दुकानातल्या काचा थरथरतील अशी. तरुणपणी टपालाची पिशवी हातात घेतली ती साठी उलटली तरी खाली ठेवली नव्हती. दर घराच्या फाटकाशी पेटी, पेटीत पत्रं आणि पेपर, आणि पेटीत कालचा पेपर तसाच दिसला तर गाडी बंद करून सरळ घरात, हा तिचा स्वतःचा नियम. तळ्याच्या टोकाला, रस्ता संपतो तिथे लेंपी नावाची म्हातारी एकटी राहते. तिला एकदा हिल्काने असंच स्वयंपाकघराच्या जमिनीवरून उचललं होतं. टपाल कंपनीच्या कुठल्याही नियमात म्हाताऱ्या उचलणं बसत नाही, पण हिल्काला कोण विचारणार?

गाडीचा हीटर मात्र तिचं खातं नव्हतं. ते ताउनोचं. ताउनो तिचा थोरला भाऊ, अविवाहित, अंगणापलीकडच्या घरात राहणारा. जन्मभर त्याने जंगलात लाकूडतोडीची यंत्रं दुरुस्त केली. हिल्काच्या प्रत्येक गाडीत हीटर त्यानेच बसवला होता. कधी मागावा लागला नाही आणि कधी आभारही मानावे लागले नाहीत.

मग हिल्काच्या खांद्याने दगा दिला. आमच्याकडे गाडीचं स्टिअरिंग डावीकडे आणि पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला. म्हणजे प्रत्येक फाटकाशी शेजारच्या सीटवर आडवं व्हायचं, खिडकीतून हात काढायचा, पेपर कोंबायचा, परत सरळ व्हायचं. सगळी हयात असं आडवं-उभं झाल्यावर खांद्याने हात टेकले. डॉक्टर म्हणाले, एक तर टपाल सोड नाहीतर गाडी बदल. हिल्काने गाडी बदलली. इंग्लंडातून आलेली, उजव्या स्टिअरिंगची, निळी डिझेल व्हॅन. खिडकी उघडली की पेटी थेट हाताशी. पहिल्या दिवशी ती गावभर उगाचच दोन फेऱ्या मारून आली.

सगळं छान होतं, फक्त गाडीला हीटर नव्हता. त्या बेटावरच्या लोकांचा हिवाळा म्हणजे ओला पाऊस. इंजिनातलं पाणी विजेने तापवून ठेवायची गरज त्यांना कशाला पडेल? इथे मात्र न तापवलेलं डिझेल इंजिन जानेवारीत म्हणजे लोखंडाचा ओंडका. तेल गुळासारखं घट्ट होतं आणि बॅटरी रडून रडून मरते.

ताउनो गाडी बघायला आला. दोन्ही हात जाकिटाच्या खिशात. त्याने बॉनेटसुद्धा उघडलं नाही.

"विकून टाक," तो म्हणाला.

"अरे, आत्ताच तर घेतली!"

"म्हणून तर. नवी आहे तोवर कोणीतरी मूर्ख मिळेल."

"हीटर कधी बसवतोस ते सांग. पुढच्या आठवड्यात?"

"या गाडीला मी हीटर बसवणार नाही. सगळं उलटं आहे तिचं. इंग्रजांची गाडी इंग्रजांना शोभते." एवढं बोलून तो घराकडे वळला.

हिल्का बघतच राहिली. जो माणूस गंजलेल्या ट्रॅक्टरशी तासन्‌तास लाडीगोडीने बोलतो, त्याने आपल्या गाडीकडे धड पाहूही नये! तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्याच आठवड्यात शहरातल्या कार्यालयातून सातूचा फोन आला. सातू म्हणजे हिल्काची साहेब, वयाने तिच्या मुलीएवढी, बोलायला गोड आणि मनानेही वाईट नाही.

"हिल्का, तुला आधी सांगते, म्हणजे नंतर धक्का नको. खालच्या गावांत आम्ही पेट्या एकत्र केल्या. फाट्यावर एक लोखंडी स्टँड, त्यावर सगळ्यांच्या पेट्या, ज्याने त्याने येऊन टपाल न्यायचं. निस्कावाऱ्याचंही वर ठरत आलंय."

"लेंपी फाट्यावर चालत येणार का? चार पावलं टाकली तरी तिला धाप लागते."

"ते मी वर सांगितलं. मग ते म्हणतात, टपालवालीची गाडीच थंडीत निघेल याची खात्री काय? तुझी जुनी गाडी असती तर मी छातीठोक सांगितलं असतं. या नव्या गाडीचं काय सांगू? पहिल्या कडक थंडीत ती निघाली तर पेट्या दारात ठेवायला मी भांडेन. नाही निघाली तर माझ्याकडे बोलायला काही उरणार नाही."

"निघेल," हिल्का म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवल्यावर तिला जाणवलं की आपण शब्द देऊन बसलोय.

गॅरेजवाल्याने नाताळनंतरची तारीख दिली. पहिलं दव गोठलं की सगळ्या तालुक्याला एकाच दिवशी हीटर आठवतो. तेव्हा हिल्काने हीटर विकत आणला, मुठीत मावेल एवढा, जाड नळाच्या तुकड्यासारखा. इंजिनातून निघणारी पाण्याची रबरी नळी कापायची, मधे हा बसवायचा, वायर पुढच्या जाळीतून बाहेर काढायची. आत तार तापते, पाणी गरम होतं, गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड खाली येतं. सांगायला एवढंच. करायला तिला दोन रविवार लागले. पहिल्या रविवारी नळी कापताच हिरवं पाणी तिच्या बाहीतून थेट काखेत गेलं आणि तिने दिलेल्या शिव्या तळ्यापलीकडे ऐकू गेल्या असं म्हणतात. मी म्हणेन, त्याच्याही पलीकडे गेल्या.

जुन्या गाडीत ताउनोने हीटर कुठे बसवला होता हे तिला पक्कं आठवत होतं. डाव्या बाजूला, खाली, चाकाच्या आतल्या अंगाला. तिने नव्या गाडीतही अगदी तिथेच बसवला. इंग्लिश गाडीत नळ्या नेमक्या दुसऱ्या बाजूने निघत होत्या, म्हणून एक नळी तिने इंजिनावरून वळसा घालून पलीकडे नेली. ताउनोची जागा ती जागा. ती चुकीची असेल असं तिच्या मनातही आलं नाही.

वायर लावली तर हीटर तापला. हिल्का सोमवारी दुकानात कॉफीच्या टेबलाशी उभी राहून, कोणी विचारलं नसताना म्हणाली, "हीटर मी स्वतः बसवला हो. ताउनोने हातही लावला नाही."

"अस्सं," दुकानातले लोक म्हणाले. आमच्याकडे "अस्सं" म्हणजे "बघूच."

बघायला फार दिवस लागले नाहीत. नोव्हेंबरात एका शुक्रवारी पारा एकदम कोसळला. नाकातले केस गोठवणारी थंडी. हिल्का दाराबाहेर आली आणि पायरीवरच थबकली. वायर खांबाला नीट लावलेली होती, खांबाचा दिवा जळत होता, आणि बॉनेट ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरंशुभ्र होतं. डागाचा मागमूस नाही. किल्ली फिरवली तर इंजिन एकदा कण्हलं आणि गप्प झालं. अंगणापलीकडे ताउनोच्या खिडकीचा पडदा हलला.

तिने पायाने रेटायची घसरगाडी काढली, पिशवी तिच्यावर बांधली आणि जवळच्या घरांचं टपाल घसरत घसरत पोचवलं. लोकांनी खिडकीतून पाहिलं. कोणी हसलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. मग तिने लेंपीला फोन केला.

"आज पेपर नाही येत गं. बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. पण निधनाच्या बातम्या कोण वाचणार? माझी असली तर कळायला नको?"

त्यानंतर सातूला फोन. "गाडी निघाली नाही," तिने सरळ सांगितलं. "तळ्याकडचं टपाल आज राहिलं."

"सोमवारी माणसं स्टँड घेऊन फाट्यावर येताहेत," सातू म्हणाली. "मीही येते. थंडी अशीच राहणार आहे. तू वेळेवर गाडी घेऊन आलीस तर स्टँड परत पाठवायची जबाबदारी माझी. यापुढे मला काही करता येणार नाही, हिल्का."

हिल्का अंगण ओलांडून भावाच्या घरी गेली. ताउनो स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, हात टेबलाखाली. चुलीवर कॉफीची किटली उकळत होती. हिल्का समोर बसली. आता कप येईल, मग बोलणं सुरू होईल. कप आला नाही. किटली खळखळत राहिली आणि ताउनो खिडकीबाहेर बघत राहिला.

आता हे सांगायलाच हवं. आमच्याकडे घरी आलेल्याला कॉफी विचारत नाहीत, ओततात. वीज तोडायला आलेल्या माणसालाही ओततात. ज्यांचा बांधावरून खटला चालू आहे ते शेजारीही एकमेकांना ओततात आणि पिऊन झाल्यावर भांडतात. सख्ख्या बहिणीसमोर किटली उकळत ठेवून कप न देणं म्हणजे तिला उंबऱ्याबाहेर उभं करणं.

"मी सांगितलं होतं ना," ताउनो म्हणाला.

"सांगितलं होतंस. मदत करणार नाहीस हेही सांगितलं होतंस. पण कॉफीही नाही, हे सांगायचं राहिलं."

त्याचा चेहरा लाल झाला. "दुकानात जाऊन फुशारक्या मारायला कोणी सांगितलं होतं?"

"मग काय करू? माझा भाऊ नुसता खिशात हात घालून फिरतो म्हणून सांगू? लेंपीला फाट्यावर यावं लागलं तर तिला तूच उचलून आण!"

ती उठून दारापर्यंत गेली. तेव्हा पाठीमागून ताउनोचा आवाज आला, चिडका, पण त्याला राहवलं नव्हतं: "नळी कशी नेलीस? सगळीकडे चढती आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. जा."

हिल्का रागाने धुमसत गाडीशी आली. बॉनेट उघडलं आणि हीटरला बोट लावलं. चटका बसला. त्याच्याच वरच्या नळीला हात लावला तर ती बर्फासारखी गार. चटका बसलेलं बोट तोंडात धरून ती उभी राहिली आणि नळीकडे बघत राहिली. हीटरपासून नळी वर जात होती, इंजिनावरून वळसा घेत होती आणि पलीकडे पुन्हा खाली उतरत होती. मधे उंटासारखं कुबड. हवा त्या कुबडात जाऊन बसली होती, आणि हवा बसली की पाणी कसलं पुढे जातंय! हीटर बिचारा आपल्यापुरतं पाणी उकळून, तापून, बंद पडत होता.

ताउनोची जागा ताउनोच्या गाडीत बरोबर होती. ही गाडी त्याची नव्हती. हिची सगळी आतडी उजवीकडे होती, आणि हिल्काने डोळे मिटून भावाची नक्कल केली होती. तिला स्वतःचीच लाज वाटली, आणि मग हसू आलं.

शनिवारी तिने सगळं उघडलं. हीटर उजवीकडे नेला, पार खाली, जिथे कोणाचीही आठवण नव्हती; फक्त ती आणि गाडी. तिथे बसवायला पट्टी नव्हती, तर जुन्या टपालपेटीचा पत्रा कापून पट्टी केली. नळी आखूड केली, हीटरपासून इंजिनापर्यंत सतत चढती. मग पुढची चाकं फळ्यांवर चढवून गाडीचं नाक वर केलं, पाणी भरलं आणि नळी बोटांनी दाबत दाबत हवा वर ढकलली. बुडबुडे येत राहिले. गाईचं दूध काढताना लागतो तसा धीर लागतो त्याला. शेवटचा बुडबुडा आला तेव्हा तिच्या खांद्यातून कळा निघत होत्या.

रविवारी तिने वायर लावली आणि वरच्या नळीवर तळवा ठेवून स्टुलावर बसली. बराच वेळ काही नाही. मग बोटांखाली थोडी ऊब आली. ती सरकली. मनगटाकडे आली. नळीतून पाणी आपल्या पायांनी वर चढत होतं, आणि ती वाट हिल्काने केली होती. तिचा ऊर भरून आला. नोकरीत तिला मानपत्र मिळालं होतं, त्या दिवशीही असं वाटलं नव्हतं. अंगणात कोणी नव्हतं, म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "शाब्बास, हिल्का!"

सोमवारी थंडी शुक्रवारपेक्षाही वाईट होती. आकाशात तारे अजून तसेच होते. हिल्का पायरीवर आली आणि तिने आधी डोळे मिटले, मग उघडले. पांढऱ्या बॉनेटवर मधोमध काळा ओला डाग होता, उशीएवढा.

आणि गाडीशी ताउनो उभा होता.

त्याने दातांनी धरून उजवा हातमोजा ओढून काढला आणि तळवा डागावर ठेवला. अंगणातल्या दिव्याच्या उजेडात हिल्काने तो हात पाहिला. तो थरथरत होता. थंडीने नव्हे. थंडीने हात कसा थरथरतो हे इथे पोराटोरांनाही कळतं. हा मनगटापासून हलत होता, थांबत नव्हता, आणि ताउनो तो बॉनेटवर जोराने दाबून स्थिर करायला बघत होता.

खिशातले हात. न उघडलेलं बॉनेट. टेबलाखालचे हात. खळखळणारी किटली. हिल्काला एका क्षणात सगळं कळलं, आणि शुक्रवारी आपण काय बोलून गेलो तेही आठवलं. ज्या हातांवर सगळ्या उत्तरेने विश्वास टाकला, ते बहिणीला एक कप कॉफी ओतू शकत नव्हते, आणि हे सांगण्यापेक्षा त्याने वाईट भाऊ होणं पत्करलं होतं. नेवालाइनेनांचा हट्ट! तिच्यातही तोच होता, म्हणून काही पाहिलंच नाही असं दाखवत ती पुढे झाली.

ती गाडीत बसली आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. डिझेल ते डिझेल, सगळी गाडी दणादण हादरू लागली. बॉनेट हादरत होतं, त्यावरचा ताउनोचा हातही हादरत होता, आणि आता त्यातलं कोण कोणाला हलवतंय हे कोणालाही सांगता आलं नसतं. ताउनोने हात काढला नाही. तो हसत होता.

"जा," तो ओरडला. "टपालाला उशीर होतोय!"

फाट्यावर ट्रक उभा होता. दोन माणसं आणि सातू पाय आपटत होती. लोखंडी स्टँड उतरवून बर्फात आडवा टाकलेला. निळी व्हॅन समोर येऊन थांबली तेव्हा सातूने हातमोजा काढला आणि बॉनेटवर हात ठेवला. शहरातली असली तरी पोरगी इकडचीच.

"भावाने बसवला ना शेवटी?" तिने विचारलं.

"मी बसवला," हिल्का म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "त्याने शिकवलं."

सातू माणसांकडे वळली. "उचला तो. परत न्यायचाय."

त्या दिवशी निस्कावाऱ्यात एकाही पेटीसाठी हिल्काला आडवं व्हावं लागलं नाही. ती सरळ बसून, खिडकीतून हात काढून, राणीसारखी टपाल देत गेली, आणि लोक दारात येऊन बघत होते. तळ्याच्या टोकाला लेंपी शाल गुंडाळून पेटीशीच उभी होती.

"शुक्रवारचा पेपर आज! मेलेले शिळे झाले असतील."

"ताजेही आणलेत गं," हिल्का म्हणाली, आणि दोघी हसल्या.

परतताना तिने गाडी स्वतःच्या अंगणात लावली, वायर खांबाला जोडली आणि सरळ भावाच्या घरात शिरली. बूट काढले. ताउनो टेबलाशी होता. किटली उकळून झाली होती, दोन कप मांडलेले होते, रिकामे. शेजारी वेलचीचा पाव, वेडावाकडा कापलेला.

हिल्काने किटली उचलली. आपला कप काठोकाठ भरला. त्याचा निम्माच भरला, म्हणजे उचलताना सांडणार नाही. ताउनोने त्या निम्म्या कपाकडे पाहिलं आणि मग बहिणीकडे. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले, तिच्यासमोर, उघडे, आणि हलू दिले.

"माझ्या ट्रॅक्टरचा हीटर गेल्या हिवाळ्यापासून मेलाय," तो म्हणाला. "बसवशील का?"

जन्मात त्याने कोणाकडे काही मागितलं नव्हतं.

"बसवीन," हिल्का म्हणाली. "पण माझ्या पद्धतीने हं. मधे बोलायचं नाही."

"बोलणार," ताउनो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी कप उचलला.